एकच मुद्रा तिन्ही ठिकाणी, की तिघांना तीन चित्रं?

अमेरिकेतल्या छोट्या शहरांच्या नागरिक समित्यांवर आता आपली मराठी माणसंही बसू लागली आहेत. अशा समितीकडे शहराची मुद्रा (अधिकृत शिक्का), ध्वज आणि पोलिसांच्या बाहीवरचा पॅच नव्याने करायचं काम आलं, की लवकरच दोन गट पडतात. एक गट म्हणतो, मुद्रा नीट काढून घ्या. तीच निळ्या कापडावर ठेवली की झाला ध्वज, तीच ढालीत बसवली की झाला पॅच. दुसरा म्हणतो, तिघांत एखादी खूण सारखी असू द्या, बाकी प्रत्येकाचं चित्र वेगळं काढा. मिडवेस्टमधल्या आमच्या शहराच्या समितीवर मी होतो आणि शेवटी मत दुसऱ्या बाजूला दिलं. पण पहिल्या गटाचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. काही शहरांना तेच लागू पडेल, म्हणून दोन्ही बाजू मांडतो.

महाराष्ट्रात हा प्रश्न अशा रूपात येतच नाही. पोलीस राज्याचे, त्यामुळे ‘सद्रक्षणाय खलनिग्रहणाय’ हे ब्रीद चांद्यापासून बांद्यापर्यंत एकच. महापालिकांना आपापलं बोधचिन्ह असतं, मुंबईच्या चिन्हावर ‘यतो धर्मस्ततो जयः’ असतं. पण शहराचा वेगळा ध्वज ही गोष्ट आपल्याकडे रुजलेली नाही. अमेरिकेत मात्र लहानमोठी मिळून साधारण १८ हजार पोलीस खाती आहेत आणि जवळपास प्रत्येकाचा पॅच निराळा. जत्रेला किंवा मिरवणुकीला शेजारच्या चार गावांचे पोलीस बंदोबस्ताला येतात, तेव्हा समोरचा माणूस कोणत्या गावचा हे सांगायला बाहीच असते. हे डोक्यात ठेवलं तर पुढचा वाद लवकर कळेल.

आधी एकाच मुद्रेची बाजू. काम थोडक्यात आटोपतं. कौन्सिलपुढे एकच ठराव, चित्रकाराला एकाच चित्राचे पैसे, आणि पाण्याच्या बिलापासून पोलिसांच्या गाडीपर्यंत सगळीकडे तेच दिसतं. जुन्या रहिवाशांचा मुद्रेवर जीव असतो, ती मोडीत निघाली असं त्यांना वाटत नाही. आमच्याकडेही या बाजूने बोलणारे बहुतेक जण तीस-चाळीस वर्षं गावात राहिलेले होते आणि त्यांचं म्हणणं मनापासून होतं.

या बाजूचं सगळ्यात भक्कम उदाहरण न्यूयॉर्क. १९१५ सालचा निळा-पांढरा-केशरी ध्वज आणि मधल्या पट्ट्यावर शहराची मुद्रा: डच पवनचक्कीची पाती, बीव्हर हा प्राणी, पिठाची पिंपं, दोन बाजूंना खलाशी आणि तिथल्या मूळ रहिवासी लेनापे जमातीचा माणूस, वर गरुड. ध्वज देखणा आहे, पण ते श्रेय मी रंगांना देईन. लांबून दिसतात ते तीन उभे पट्टे; मधली मुद्रा म्हणजे निळा ठिपका. शिवाय १९७०च्या दशकात न्यूयॉर्कने मुद्रेवरचं १६६४ हे साल बदलून १६२५ केलं. मुद्रा ध्वजावर असली की तिथला एक आकडा बदलला तरी ध्वजही बदलावा लागतो. न्यूयॉर्कला ते झेपतं. वीस हजार वस्तीच्या गावाला दरवेळी झेपेलच असं नाही.

मुद्रेचं खरं काम कोणतं, हे आमच्या सिटी क्लार्ककडून, म्हणजे शहराचे अधिकृत कागद सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडून मी शिकलो. दाखल्यावर, करारावर, ठरावाच्या प्रतीवर ती चिमट्यासारख्या यंत्राने दाबून उमटवतात. दोन इंचांच्या आतला गोल, रंग नाही, नुसता उठाव. कागद हातात धरून माणूस ती बघतो, बोट फिरवून चाचपतो. इथे बारकावा चालतो, किंबहुना हवाच, कारण नक्कल करणं अवघड झालं पाहिजे. कडेने शहराचं नाव, राज्याचं नाव, स्थापनेचं साल हेही इथेच शोभतं. लॉस एंजेलिसच्या मुद्रेतल्या ढालीचे चार भाग पाहा: अमेरिकेचे तारे-पट्टे, कॅलिफोर्नियाचं अस्वल, मेक्सिकोचा गरुड, स्पेनचे सिंह आणि किल्ला. कोणी कोणी राज्य केलं तो सगळा इतिहास एका ढालीत मावला आहे. कागदावर ती वाचत बसावीशी वाटते. तीच मुद्रा १९३१च्या ध्वजावर हिरव्या-पिवळ्या-लाल नागमोडी पट्ट्यांच्या मधोमध आहे, आणि खांबाखाली उभं राहिल्याशिवाय त्यातलं काही कळत नाही.

ध्वजाचा हिशेब सोपा आहे. तीन फूट उंचीचा ध्वज शंभर फुटांवरून बघा. डोळ्यांपासून हातभर अंतरावर, म्हणजे पंधरा इंचांवर धरलेल्या कागदावर तो अर्ध्या इंचाहूनही कमी उंचीचा होईल. त्यात मुद्रा बसवली तर ती पाव इंचाची. वारा पडला की कापड लोंबतं आणि मुद्रा घडीत जाते. छापील ध्वज एकेरी कापडाचा असेल तर मागच्या बाजूने शहराचं नाव उलटं दिसतं. दोन्हीकडून सुलटं हवं तर दोन कापडं पाठीला पाठ लावून शिवावी लागतात. ध्वज जड होतो, महाग होतो आणि मंद वाऱ्यात हलत नाही.

ओरेगनमधल्या पोर्टलंडची गोष्ट इथे आठवते. डग्लस लिंच यांनी १९६९ साली त्या शहराचा ध्वज केला: हिरव्या पार्श्वभूमीवर निळे-पिवळे पट्टे आणि मधे पांढरा चौटोकी तारा. निळा म्हणजे तिथल्या नद्या. त्यांच्या मनाविरुद्ध कोपऱ्यात मुद्रा घालण्यात आली. अखेर २००२ साली ती काढली आणि ध्वज मूळ कल्पनेजवळ आला. हा बदल व्हायला तेहतीस वर्षं लागली, हे समितीत बसणाऱ्याने ध्यानात ठेवावं. एकदा संमत झालेला ध्वज सहजी हलत नाही.

आता माझं मत ज्याने ठरवलं त्या गोष्टीकडे येतो. मुद्रेच्या कडेने गोल फिरणारी अक्षरं.

आमचा पहिला आराखडा मुद्रेवालाच होता. ढालीसारखा पॅच, वर ठळक ‘पोलीस’, खाली पूर्ण मुद्रा. शहराचं नाव मुद्रेच्या कडेला आहेच, मग पुन्हा कशाला, असं सगळ्यांना वाटलं, मलाही. पडद्यावर तो सुरेख दिसत होता. मग भरतकामाचा नमुना शिवून आला. मशीन एम्ब्रॉयडरीत सर्रास वापरला जाणारा चाळीस नंबरचा दोरा साधारण ०.४ मिलिमीटर जाडीचा असतो. अक्षराचा दांडा उठून दिसायला निदान दोन-तीन दोऱ्यांची रुंदी लागते आणि मधली पोकळी शिल्लक राहायला तेवढीच जागा. म्हणून पाच-सहा मिलिमीटरच्या खालची अक्षरं भरायला कारागीर कुरकुरतात. आमच्या कडेची अक्षरं तीन मिलिमीटरच्या आसपास होती. ए, बी आणि आर यांची पोटं दोऱ्याने बुजून गेली होती. गोलाच्या तळाशी, जिथे अक्षरं वळतात, तिथे दोन अक्षरं एकमेकांत शिरली होती. कापड टाक्यांच्या ओढीने किंचित आखडलं होतं, त्यामुळे गोलही अंड्यासारखा झाला होता.

समितीत पोलीस खात्याचे एक सार्जंट होते. त्यांनी तो नमुना टाचणीने बाहीवर लावला, खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभे राहिले आणि विचारलं, “मी कोणत्या गावचा?” ‘पोलीस’ सगळ्यांनी वाचलं. गावाचं नाव कोणालाच वाचता आलं नाही, आणि ते गाव आमचंच होतं. सार्जंट पुढे म्हणाले, रात्री रस्त्याच्या कडेला गाडी थांबवली तर काचेतून बघणाऱ्या घाबरलेल्या माणसाला हे कळायला हवं ना? त्यानंतर माझ्या मनात फारशी शंका उरली नाही.

उपाय करून पाहिले. अक्षरं मोठी केली तर आतलं चित्र आक्रसून नदी आणि पूल यांचा नुसता गठ्ठा झाला. नाव खाली वेगळ्या पट्टीवर घेतलं तर एकाच पॅचवर ते दोनदा आलं, एकदा वाचता येणारं, एकदा न येणारं. भरतकामाऐवजी विणलेला पॅच घेतला तर अक्षरं बरीच सुधारतात, हे मान्य करतो. त्यात दोरा बारीक असतो. पण खात्यातल्या लोकांना तो चपटा आणि लेबलासारखा वाटला, आणि बाहीवर रोज तो वागवणाऱ्यांचं ऐकायला हवं. मग कोणीतरी म्हणालं, कड काढूनच टाका. कड काढली की उरते ती मुद्रा नव्हे, मुद्रेतलं चित्र. म्हणजे नकळत आम्ही दुसऱ्या गटाच्या अंगणात येऊन उभे राहिलो होतो.

दुसरा मार्गही सगळा गुळगुळीत नाही. एकाऐवजी तीन ठराव, तीन वेळा चर्चा आणि दरवेळी नवे आक्षेप. तिघांतलं नातं सैल राहिलं तर ध्वज एका गावचा, पॅच दुसऱ्या गावचा वाटतो. मुद्रेतून सुटका झाली म्हणजे ध्वज चांगला होतोच, असंही नाही. आयडाहोतल्या पोकाटेलोच्या जुन्या ध्वजावर मुद्रा नव्हती, पण घोषवाक्य होतं आणि खाली कॉपीराइटची बारीक अक्षरंसुद्धा. २००४ साली ध्वज-अभ्यासकांच्या संघटनेने दीडशे शहरांच्या ध्वजांची पाहणी केली, त्यात तो शेवटचा आला. पोकाटेलोने २०१७ साली नवा ध्वज घेतला. मिलवॉकीच्या १९५४च्या ध्वजावर दातेरी चाक, जहाज, चर्च, स्टेडियम असं सगळं गोळा केलेलं आहे. ठिगळ जोडायची हौस दोन्ही मार्गांवर नडते.

हाच मार्ग नीट साधला की काय होतं, ते शिकागोत दिसतं. मुद्रेत ढाल, जहाज, स्थानिक आदिवासी, गव्हाची पेंढी, शिंपल्यात बाळ अशी गच्च गर्दी. ती कागदावर राहिली. ध्वज मात्र वॉलेस राइस यांनी १९१७ साली केलेला: पांढऱ्यावर दोन फिके निळे पट्टे आणि सहा टोकांचे लाल तारे. तेव्हा तारे दोन होते, १९३३ आणि १९३९ साली एकेक वाढून चार झाले. शहराच्या आयुष्यात मोठं काही घडलं तर मावेल अशी जागा त्या चित्रात होती. आता माझ्या म्हणण्याच्या विरोधात जाणारी गोष्टही तिथलीच सांगतो. शिकागो पोलिसांच्या डाव्या बाहीवरच्या अष्टकोनी पॅचमध्ये मुद्राच आहे. पण नाव मुद्रेच्या बाहेर वेगळं लिहिलेलं आहे, आणि उजव्या बाहीवर ध्वज आहे. रस्त्यापलीकडून मला दरवेळी ओळखू येतो तो उजव्या बाहीवरचा ध्वज.

आपल्याला हा विचार परका वाटू नये. ‘प्रतिपच्चंद्रलेखेव’ ही शिवाजी महाराजांची राजमुद्रा अक्षरांनी भरलेली आणि कागदावर उमटण्यासाठी केलेली. भगव्यावर ना अक्षर ना चित्र. तो लांबून दिसण्यासाठी. दोन्ही स्वराज्याच्याच खुणा, पण प्रत्येकीची जागा वेगळी. आणि २ सप्टेंबर २०२२ रोजी भारतीय नौदलाला नवा ध्वज मिळाला, तेव्हा त्या मुद्रेतून काय उचललं? मजकूर नाही, अष्टकोन. त्या ध्वजावरही ‘शं नो वरुणः’ ही बारीक अक्षरं आहेत, पण लांबून ओळख पटते ती अष्टकोनाने. समितीत मी हे उदाहरण दिलं आणि ते मराठी न जाणणाऱ्यांनाही लगेच पटलं.

आम्ही शेवटी नदीचं एक वळण तेवढं सारखं ठेवलं. मुद्रेत ते पुलाखालून जातं, कडेला नाव आणि साल पूर्वीसारखंच. ध्वजावर एकच रुंद पांढरा पट्टा वळतो. पॅचवर तेच वळण आणि खाली शहराचं नाव सरळ, जाड अक्षरांत. जुन्या लोकांची मुद्रा जवळपास शाबूत राहिली, त्यामुळे विरोधही निवळला.

तुमच्या गावची मुद्रा मुळातच साधी असेल, एखादं झाड किंवा दीपगृह, कडेला चारच अक्षरं, तर पहिला मार्ग घ्या आणि वर्षभराच्या बैठका वाचवा. पैसे खरोखर नसतील तरीही तोच. एरवी मी दुसरीकडे झुकेन. काम करायचं ठरलं तर पॅचपासून सुरुवात करा, कारण सगळ्यात कडक अटी त्याच्याच; मग ध्वज, मुद्रा सर्वांत शेवटी. मतदानाआधी पडद्यावरचं चित्र न बघता शिवलेला नमुना मागा, तोही खात्याच्या गणवेशाच्याच कापडावर, कारण गडद निळ्यावर गडद हिरवा दिसत नाही. ठरावात रंगांची नावं न लिहिता पँटोन क्रमांक (रंगाच्या नेमक्या छटेचा ठरलेला क्रमांक) लिहा, नाहीतर प्रत्येक नव्या पुरवठादाराबरोबर निळा बदलत जातो. आणि जुने पॅच झिजतील तसतसे बदलायचे, हे आधीच जाहीर करा. खर्चावरून होणारा निम्मा वाद तिथेच मिटतो.