मूत्रल गोळी, मीठ आणि खर्जाची तार : आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

मेनिएर या आतल्या कानाच्या आजारासाठी लघवी वाढवणारी हायड्रोक्लोरोथायझाइडची 25 मिलिग्रॅमची मात्रा मी गेले आठ महिने रोज सकाळी न्याहारीनंतर घेत आहे. सुरुवातीला ती एकटी होती, नंतर अमिलोराइडच्या जोडीने सुरू झाली. त्याआधी तीन आठवडे असेटाझोलामाइड ही दुसरी मूत्रल गोळीही घेऊन पाहिली. चिठ्ठी वाचून औषध-दुकानदाराने ‘कानासाठी लघवीची गोळी?’ असे विचारले, तेव्हा मलाही त्याला नीट उत्तर देता आले नव्हते. ते उत्तर आता थोडेफार देता येईल असे वाटते.

मिरजेत माझा गायनाचा वर्ग आहे आणि वय 54 आहे. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी तंबोरा लावताना जोडाच्या तारा नीट ऐकू आल्या, पण खर्जाची, म्हणजे सर्वांत खालच्या सुराची तार डाव्या कानाला जवळजवळ लागेना. काळी एकचा खर्ज सुमारे 69 हर्ट्झचा असतो, आणि नेमक्या त्याच प्रदेशात कानात शंख धरल्यासारखा घोंगावणारा आवाज बसला होता. पुढच्या आठवड्यात पेटीची एकच पट्टी दोन कानांना दोन सुरांत ऐकू येऊ लागली. डाव्या कानाला ती किंचित चढी वाटे. गाणे शिकवणाऱ्या माणसाला याहून मोठी भीती नसावी. कानाला दडा बसल्यासारखे होई, आणि मग एके दुपारी खोली गरगर फिरू लागली ती पाऊण तास थांबली नाही. उलट्या झाल्या, भिंतीला धरून मोरीपर्यंत जावे लागले.

पहिल्या दवाखान्यात मानेचे मणके झिजल्याचे निदान झाले आणि मी चार महिने गळ्यात पट्टा बांधून वावरलो. पट्ट्याने मान अवघडली, कानाला काहीच फरक पडला नाही. पुढे कान-नाक-घसा तज्ज्ञांनी ऑडिओमेट्री म्हणजे ऐकण्याची चाचणी केली, तेव्हा डाव्या कानाचा आलेख खालच्या स्वरांकडे घसरलेला आणि वरच्या स्वरांकडे बराचसा सावरलेला दिसला. वयामुळे येणाऱ्या बहिरेपणात बहुधा याच्या उलट होते. श्रवण-मज्जातंतूवर गाठ नाही याची खात्री करण्यासाठी एमआरआय झाले, आणि वीस मिनिटांपासून बारा तासांपर्यंत टिकणारे भोवळीचे किमान दोन झटके, खालच्या स्वरांचे नोंदवलेले बहिरेपण आणि कानातला आवाज हे सारे जुळल्यावर मेनिएरचा आजार असे नाव मिळाले. प्रॉस्पर मेनिएर या फ्रेंच वैद्याने 1861 साली पॅरिसमध्ये पहिल्यांदा ठामपणे मांडले की अशी भोवळ मेंदूतून नव्हे, तर आतल्या कानातून येऊ शकते. मानेतूनही येत नाही, एवढे मी माझ्या खर्चाने त्यात जोडतो.

आता दुकानदाराच्या प्रश्नाचे उत्तर. आतल्या कानात एका नाजूक पडद्याच्या नळीत पोटॅशियमने समृद्ध असा द्रव भरलेला असतो. या आजारात तो साचतो, नळी फुगते आणि पडदा ताणला जातो. 1938 साली लंडनमध्ये हॉलपाइक आणि केर्न्स यांनी दोन मृत रुग्णांच्या कानाच्या हाडांत ही फुगवट प्रत्यक्ष पाहिली. शरीरातले मीठ आणि पाणी लघवीवाटे उतरवले तर कानातला हा साठाही उतरेल, असा मूत्रल औषधामागचा तर्क आहे. तर्क साधा आहे, आणि साधा आहे म्हणूनच त्याच्यावर पटकन विश्वास बसतो, याकडे पुढे येतोच.

असेटाझोलामाइडने मला पहिल्या चार दिवसांतच बोटांच्या टोकांना आणि ओठांना मुंग्या आणल्या. तंबोऱ्याची तार छेडताना बोट आपले नाही असे वाटे. सोडा वॉटर बेचव लागू लागले, ती या औषधाची ओळखीची खूण आहे. मला बारा वर्षांपूर्वी मुतखडा झाला होता हे मी डॉक्टरांना सांगायचे विसरलो होतो, ही चूक सर्वस्वी माझी. हे औषध खड्याला निमंत्रण देऊ शकते, म्हणून ते लगेच बंद झाले. हायड्रोक्लोरोथायझाइडने मात्र लघवीतले कॅल्शियम घटते, त्यामुळे मुतखड्याच्या काही रुग्णांना तीच गोळी दिली जाते, हे ऐकून मला बरे वाटले.

या गोळीचा पहिला महिना सोपा नव्हता. दुपारपर्यंत चार-पाच वेळा उठावे लागे, म्हणून सकाळचा वर्ग मी एक तास पुढे ढकलला. सहाव्या आठवड्यात पोटऱ्यांत रात्री गोळे येऊ लागले. रक्तातले पोटॅशियम 4.2 वरून 3.3 वर आले होते, म्हणून पोटॅशियम राखणारे अमिलोराइड जोडले गेले. तोवर मी भक्तिभावाने केळी आणि शहाळी संपवत होतो. जोडगोळी सुरू झाल्यावर ती भक्ती आवरायला सांगण्यात आले, कारण आता पोटॅशियम वाढण्याचा धोका उलट्या बाजूने होता. सोडियम, क्रिएटिनिन, साखर आणि युरिक आम्ल दर दोन-तीन महिन्यांनी तपासले जाते. गोळी स्वस्त आहे, खर्च तपासण्यांचाच आहे.

एका गोष्टीने मी बरेच दिवस फसलो. गोळीने रक्तदाब थोडा उतरला आणि मांडी घालून बसलेला मी उठलो की डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली. प्रत्येक अंधारीची नोंद मी वहीत ‘झटका’ म्हणून करत होतो आणि औषध अपयशी ठरले असे मानत होतो. अंधारीत खोली फिरत नाही, कानातला आवाज वाढत नाही आणि पाच-दहा सेकंदांत सारे स्थिर होते, हे डॉक्टरांनी समजावल्यावर वहीतल्या अकरा नोंदी मला खोडाव्या लागल्या.

मिठाबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवे, कारण गोळीइतकेच, कदाचित गोळीपेक्षाही जास्त श्रम तिथे गेले. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला माणशी पाच ग्रॅमपेक्षा कमी मिठाची आहे. आमच्या घरात आई, पत्नी आणि मी अशी तीन माणसे, आणि एक किलोची पिशवी जेमतेम तीस दिवस पुरत असे. म्हणजे माणशी अकरा ग्रॅम, आणि त्यात लोणचे, पापड, सांडगी मिरची, पाव आणि बाहेरचे फरसाण धरलेलेच नव्हते. भाजीतले मीठ निम्म्यावर आणणे सोपे गेले. ताकातले आणि भाकरीच्या पिठातले मीठ सुटायला दोन महिने लागले. चव परतवण्यासाठी लिंबू, कोकम, भाजलेले जिरे आणि कच्ची लसूण यांचा आधार घेतला. ठेचा गेला, त्याचे दुःख अजून आहे. कमी सोडियमचे मीठ म्हणून जे मिळते त्यात पोटॅशियम क्लोराइड असते, आणि अमिलोराइडबरोबर ते मला सक्त मना आहे. अशा गोळ्या घेणाऱ्यांनी ते घरात आणण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावेच. माझ्यावरून मीठमोहऱ्या ओवाळून टाकण्याचा आईचा शनिवारचा क्रम मात्र चालू आहे. माझ्या वाट्याला सढळ हाताने येणारे मीठ आता तेवढेच.

परिणाम वहीप्रमाणे असा आहे. गोळीपूर्वीच्या सहा महिन्यांत सात मोठे झटके आले होते. नंतरच्या आठ महिन्यांत तीन आले, आणि शेवटच्यानंतर अकरा आठवडे शांततेत गेले. कानाचा दडा आठवड्यातून चार दिवस असे, तो आता महिन्यातून तीन-चारदा बसतो. तीनपैकी एक झटका लग्नाच्या पंगतीनंतर दुसऱ्या दिवशी आला, म्हणून मी मिठाला दोषी धरले. पण दुसरा अगदी सपक जेवणाच्या आठवड्यात आला आणि तिसरा तीन रात्री जागरण झाल्यावर. ऑडिओमेट्रीत 250 हर्ट्झवरची उंबरठा पातळी, म्हणजे ऐकू येण्यासाठी लागणारा किमान आवाज, 50 डेसिबलवरून 35 वर आली. पेटीची पट्टी बहुतेक दिवशी दोन्ही कानांना एकच लागते.

कानातला आवाज मात्र गेलेला नाही. घोंगावणे थोडे पातळ झाले, पण रात्री दिवा मालवला की ते तिथेच असते. केवळ कर्णनादासाठी कोणी ही गोळी घेऊ पाहत असेल, तर माझ्या अनुभवातून त्याला उत्तेजन देता येणार नाही. रात्रीपुरता मला गोळीपेक्षा उशाशी हळू लावलेल्या तंबोऱ्याच्या ध्वनिमुद्रणाचा जास्त उपयोग झाला, तेही खर्ज भरपूर असलेल्या.

आणि जे सुधारले ते गोळीनेच सुधारले का? मेनिएरवरील मूत्रल औषधांच्या प्रयोगांचा कॉक्रेन या वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या संस्थेने 2006 साली आढावा घेतला, तेव्हा निकषांना उतरेल असा एकही प्रयोग हाती लागला नाही. मी आधी घेतलेल्या बीटाहिस्टिन या भोवळीवरच्या औषधाचा जर्मनीतला प्रयोग 2016 साली प्रसिद्ध झाला. त्यात 221 रुग्णांना नऊ महिने औषधाची कमी मात्रा, जास्त मात्रा किंवा औषध नसलेली नुसती भुकटी दिली होती, आणि झटके तिन्ही गटांत सारखेच कमी झाले. हा आजार स्वतःहूनही चढतो-उतरतो, आणि माणूस औषधाकडे वळतो तो बहुधा चढाच्या टोकावर असताना. मी तर गोळी, मीठ आणि झोपेची वेळ एकाच पंधरवड्यात बदलली, त्यामुळे श्रेयाची वाटणी करण्याचा अधिकार मीच घालवून बसलो आहे.

डॉक्टरांपुढे हे सारे मांडले, तेव्हा त्यांनी शांतपणे वही चाळली आणि रक्तदाब व पोटॅशियम ठीक असेल तर पुढच्या महिन्यापासून गोळी एक दिवसाआड करून पाहू, असे सुचवले. मीठ आहे तेवढेच ठेवायचे आणि झोपेची वेळही बदलायची नाही. वहीत मी नवे पान आखले आहे, आणि झटका, दडा व अंधारी यांच्या रकान्यांशेजारी चौथा रकाना ‘खर्ज, डावा कान’ असा केला आहे. आज सकाळी त्यात ‘स्पष्ट, पण दूर’ असे लिहिले.