वॉल बेड: पिस्टन गेला आणि खोली घुमायची थांबली

वॉल बेड किती जागा वाचवतो वगैरे सगळ्यांना माहीत आहे, ते सोडून देतो. आमचा डबल, भिंतीला उभा मिटणारा, दोन्ही बाजूंना बेड उचलायला जोर देणारे गॅस पिस्टन, मिटल्यावर समोर चकचकीत लॅमिनेटचं पॅनल. लिहायला बसलो कारण डावा पिस्टन गेला.

सुरुवातीचे महिने झकास. एका हाताने वर जायचा, रात्री खाली घेताना आदळायचा नाही. मग डाव्या दांड्यावर तेलाचा ओघळ दिसू लागला. या पिस्टनमध्ये दाबाखाली भरलेला नायट्रोजन आणि थोडं तेल असतं. तेल बाहेर आलं की सील गेलं समजा, गॅसही टिकत नाही. दुरुस्ती नसते, बदलायचाच.

सर्व्हिसवाला आला, गादी दाबून पाहिली आणि म्हणाला, "साहेब, गादी जड आहे." गादी बेडबरोबर त्यांनीच दिलेली! ते मिटलं, तर म्हणे वॉरंटीत गेलेला पिस्टन तेवढा मिळेल. एका बाजूला नवा, दुसरीकडे जोर कमी झालेला जुना, म्हणजे चौकट तिरकी उचलली जाणार आणि ताण बिजागऱ्यांवर. पिस्टन जोडीनेच बदलायचे असतात. दुसऱ्याचे पैसे मी देणार नव्हतो. ईमेलवर वादावादी सुरू झाली आणि तोवर बेड दिवसरात्र उघडाच.

आता खरा मुद्दा. त्या काळात ऑफिसच्या कॉलवर दोघांनी विचारलं, नवा माइक घेतला का? माइक तोच, लॅपटॉप तोच. बदललं होतं एवढंच, की खोलीत गादी उघडी पडलेली होती.

याआधी बेड मिटला की आवाज विहिरीत बसून बोलल्यासारखा यायचा आणि मी इंटरनेटला शिव्या घालायचो. गादी म्हणजे खोलीतली आवाज शोषणारी सगळ्यात मोठी वस्तू. बेड मिटला की ती लॅमिनेटमागे जाते आणि समोरासमोर दोन गुळगुळीत भिंती उरतात. टाळी वाजवली की मागून बारीक टर्र ऐकू येते.

नाट्यगृहवाल्यांना हे जुनं आहे. वॉलेस सॅबिन या भौतिकशास्त्रज्ञाने 1895 च्या सुमारास हार्वर्डच्या एका घुमणाऱ्या व्याख्यानगृहात शेजारच्या थिएटरातल्या खुर्च्यांच्या उशा रात्री आणून मांडल्या आणि घुमणं किती कमी होतं ते मोजलं. रिकाम्या सभागृहात आवाज विरायला पाच सेकंदांहून जास्त लागायचे. चांगल्या सभागृहातल्या खुर्च्यांना जाड गादी असते ती नुसती बसणाऱ्याच्या सोयीसाठी नाही. प्रेक्षक नसतानाही खुर्चीने माणसाइतकाच आवाज शोषावा, असा हिशोब असतो. तिथे प्रत्येक खुर्चीचा विचार होतो. आमच्या डिझायनरने थ्रीडी चित्रात सूर्यप्रकाश कुठून येतो तेही दाखवलं होतं, आवाजाबद्दल अवाक्षर नाही.

पहिला विचार आला की पॅनलवरच फोम चिकटवू. तो करू नका. पिस्टनचा जोर बेडच्या वजनाला जुळवलेला असतो, वजन वाढवलं की तोल बिघडतो आणि सर्व्हिसवाल्याला आयतं कारण मिळतं. शिवाय पातळ फोम फक्त वरच्या पट्टीतला आवाज खातो, बोलण्याचा घुमारा तसाच राहतो. मी समोरच्या भिंतीवर 50 मिमी जाडीचं रॉकवूल (दगडापासून केलेल्या लोकरीसारख्या धाग्यांची पाटी) कापडात गुंडाळून, मागे थोडी पोकळी सोडून लावलं, आणि खिडकीला जाड, भरपूर चुण्यांचा पडदा. टर्र गेली. उघड्या गादीची सर नाही, पण माइकबद्दल आता कोणी बोलत नाही.

म्हणजे बेड वाईट का? पिस्टन गेला तेव्हा मी एक तारा देणार होतो, आता साडेतीन देईन. यंत्रणा साधी आहे, जागा खरंच मिळते. घेणार असाल तर पिस्टनवर छापलेला न्यूटनचा, म्हणजे जोराचा, आकडा पहिल्याच दिवशी फोटो काढून ठेवा. आमच्या भांडणात तोच कामाला आला, कारण बदली म्हणून आधी आणलेला पिस्टन कमी जोराचा निघाला.

अखेर जोडी बदलून मिळाली, फुकट. बिलात मात्र 'व्हिजिट चार्ज' लावलाय. तो मी भरलेला नाही, भरणारही नाही.