तीन मजली पिंजरा आणि आमचा पेंद्या (५ पैकी अडीच तारे)

भाचा शिकायला कॅनडाला गेला आणि जाताना त्याचा पाळलेला फेरेट, मुंगसासारखा दिसणारा लांबोडका प्राणी, माझ्या गळ्यात मारून गेला. तोच हा पेंद्या. "आत्या, दोनच वर्षं गं," म्हणाला. सोबत दिलेला पिंजरा गंजलेला होता, म्हणून मार्चमध्ये हा तीन मजली पिंजरा ऑनलाइन मागवला. ११,४०० रुपये. खोक्यावर लिहिलं होतं: ससा, गिनीपिग, फेरेट, सगळ्यांसाठी. तेव्हाच शंका यायला हवी होती.

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी येणारा प्रत्येक जण पहिल्यांदा हेच विचारतो, "मुंगूस पाळलंय की काय?" मुंगूस नव्हे हो. मुंगूस आपल्या रानातलं, ते घरात ठेवणं गुन्हा आहे. हा पाणमांजराच्या गोतावळ्यातला. युरोपात पोलकॅट नावाचा रानटी प्राणी आहे, त्याला माणसाने दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी माणसाळवलं, त्याचा हा वंशज. आणि माणसाळवलं कशासाठी, तर सशांच्या बिळात सोडायला. स्ट्रॅबो नावाच्या ग्रीक भूगोलकाराने लिहून ठेवलंय, की स्पेनच्या बाजूला सशांचा सुळसुळाट झाला की लोक याला, आपण बैलाला बांधतो तसं मुसकं बांधून, बिळात सोडायचे. ससे बाहेर पळाले की वर माणसं टपलेलीच. आता ज्याची हयात सशाच्या मागे बिळात घुसण्यात गेली, त्यालाच ही कंपनी सशाच्या पिंजऱ्यात राहा म्हणते.

पहिल्याच रात्री तो निसटला. खालचं दार आणि तळ यांच्यामध्ये चांगली दोन बोटं फट आहे. सशाला तिचं काही वाटणार नाही. याचं मात्र डोकं गेलं की मागून सगळं अंग आलंच, पाठीत हाडं आहेत की नाही अशी शंका यावी इतकं लवचिक. रात्री अडीचला स्वयंपाकघरातून आवाज आला, "डुक डुक डुक". खूश असला की हा असाच बोलतो. दिवा लावला तर पाठीची कमान करून, तोंड उघडं टाकून, आडवा आडवा उड्या मारत भांड्यांच्या मांडणीवर आदळतोय. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटेल झटका आला. तो त्याचा आनंदाचा नाच असतो.

अरुंद जागेचं याला वेडच आहे. अमेरिकेत १९७१ साली फर्मी या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेच्या लांबलचक नळ्या साफ करायला फेलिशिया नावाची फेरेट आणली होती. ती दोरी ओढत नळीतून पार जायची, मग त्या दोरीने माणसं सफाईचा बोळा ओढून घ्यायची. आमचा पेंद्या फुकटात वॉशिंग मशीनच्या मागे जातो, सफाई काही करत नाही.

दाराची कडी दुसऱ्या दिवशी हरली. नाकाने वर ढकलली की उघडते. मंगळ बाजारातून बॅगेला लावायचे स्प्रिंगचे हूक आणले, चाळीस रुपयांना दोन, आणि खालच्या फटीला जाळी तारेने शिवून घेतली. तेव्हापासून निसटलेला नाही. म्हणजे ११,४०० रुपयांचं काम शेवटी चाळीस रुपयांनी केलं.

मजल्यांचा तळही उघड्या तारांचा आहे. त्यात याची नखं अडकतात, पावलं सोलवटतात. मी कापडी चटया शिवून घातल्या आणि माझ्या जुन्या सुती साडीची झोळी वरच्या मजल्यावर टांगली. हा दिवसाचे चौदा-पंधरा तास त्या झोळीत. झोप अशी की एप्रिलमध्ये एकदा हाक मारली, हलवला, उचलला, तरी मान लोंबतेय. माझे हातपाय गार पडले. भाच्याला तिकडे मध्यरात्री फोन लावला. "आत्या, नाकापाशी काहीतरी खायचं धर," तो झोपेतच म्हणाला. उकडलेल्या कोंबडीचा तुकडा धरला. आधी नाक हललं, मग मिशा, मग डोळे उघडायच्या आत तुकडा गेला.

खोक्यात गवत ठेवायची एक जाळीही आली आणि माहितीपत्रकावर गाजराचं चित्र. अहो, हा निव्वळ मांसाहारी. आतडं आखूड, खाल्लेलं तीन-चार तासांत बाहेर. गवत, गाजर याला पचतच नाही. आम्ही सीकेपी असल्यामुळे कोंबडीची अडचण नाही, पण गुरुवारी घरात सगळे वरणभातावर आणि पेंद्या एकटा कलेजीवर, हे माझ्या सासूबाईंना अजून मान्य नाही.

कंपनीला फोन केला. फोनवरची मुलगी गोड होती. तिने विचारलं, "मॅडम, फेरेट म्हणजे मुंगूसच ना?" मी फोन ठेवला.

कोपऱ्यातला शौचाचा ट्रे उथळ आहे. हा मागे सरकत सरकत कोपऱ्याला पाठ लावतो, शेपूट वर करतो, आणि सगळं ट्रेच्या बाहेर. मी एक जुना प्लॅस्टिकचा टब पुढून कापून ठेवलाय. वासाबद्दल विचाराल तर वास येतो. सारखी आंघोळ घातली तर कातडी आणखी तेल सोडते आणि वास वाढतो, म्हणून मी चटया आणि झोळीच दर तीन दिवसांनी धुते.

आता चांगलं. रंग अजून उडालेला नाही, गंज नाही. चाकं उत्तम आहेत आणि बडोद्यात चाकं म्हणजे जीव. तिशीच्या वर पारा गेला की हा मलूल होतो, आणि मेमध्ये इथे बेचाळीस. दहा वाजता पिंजरा ढकलत एसीच्या खोलीत, संध्याकाळी परत. वीज गेली की फ्रीजरमधली पाण्याची बाटली नॅपकिनात गुंडाळून झोळीत. एक चाक उंबऱ्यावर तुटलं, ते मात्र कंपनीने आठ दिवसांत बदलून दिलं. अर्धा तारा त्याचा.

पेंद्या हे नाव माझंच. फेरेट या शब्दाचं मूळ लॅटिनमधल्या चोर या शब्दात आहे, हे भाच्याने मला नंतर सांगितलं. परवा गोदरेजचं कपाट सरकवलं तर मागे माझा चष्म्याचा डबा, एक मोजा, सासूबाईंची जपमाळ आणि खोडरबराचे तीन तुकडे. रबर पाहून घाम फुटला, कारण ते गिळलं तर आतडं बंद होतं. आता खोडरबर कुलपात.

गवताची ती जाळी मी ओट्याशेजारी भिंतीला ठोकली आहे, कांदे ठेवायला. कांदे तिच्यातून निसटत नाहीत.