तीन हजाराच्या आतली जाळीवाली कॉम्प्युटर कॅबिनेट, जळगावच्या उन्हासाठी

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, त्यामुळे आरजीबी-बिरजीबी रंगीत दिवे सोडा, पुढून जाळी असलेलीच कॅबिनेट घ्या, काच असली की पंख्यांना हवा ओढायला जागाच राहत नाही. ही तीन हजाराच्या आत बसली, सोबत १२० एमएमचे तीन पंखे, दोन पुढे एक मागे, म्हणजे भाव वसूलच म्हणायचा. मायक्रो एटीएक्स म्हणजे लहान आकाराचा मदरबोर्ड आरामात बसतो, प्रोसेसरवर उंच टॉवर कूलर लावायचा तर उंची आधी मोजा. पत्रा मात्र पापडासारखा, साईड पॅनल दाबलं की आत जातं आन् ग्राफिक्स कार्डच्या जागेच्या पट्ट्या तोडूनच काढायच्या, परत लागत नाहीत.

खरी कटकट धुळीची. वरची जाळी चुंबकाची, हाताने निघते, पण पुढची काढायला स्क्रू खोला, आणि जवळपास जिनिंग (सरकी काढायचा कारखाना) असेल तर कापसाच्या सीझनला तिच्यावर पांढरी लव बसते, ती ब्रशने नाही निघत, सरळ नळाखाली धरून पूर्ण वाळवूनच लावा. एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, खालून हवा ओढतो म्हणून कॅबिनेट जमिनीवर नको, टेबलावरच ठेवा. ऑफिस काम आणि हलक्या गेमिंगला घेऊन टाका, मोठं कार्ड लावणार असाल तर हजारभर जास्त घाला.