मामा तलावावर फोमचा नाकतोडा: कीटक बांधण्याच्या एका संचाविषयी

भंडारा-गोंदियाकडच्या माजी मालगुजारी तलावांवर, म्हणजे आपल्या मामा तलावांवर, गळ टाकणारा माणूस बहुधा गांडूळ किंवा कणकेची गोळी लावतो आणि थर्माकोलच्या तुकड्याकडे डोळे लावून बसतो. त्याऐवजी पाण्यावर तरंगणारा फोमचा कीटक टाकून मरळ धरता येते का, हे पाहावे म्हणून असे कीटक घरी बांधण्याचा एक संच ऑनलाइन मागवला आणि धान निसवण्याच्या दिवसांत साकोली परिसरात वापरला. मरळ धरता येते. मात्र त्याचे श्रेय संचापेक्षा त्यातल्या फोमलाच अधिक द्यावे लागेल.

संचात छोटा व्हाइस (बांधताना गळ घट्ट धरून ठेवणारा चिमटा), दोऱ्याचे रीळ, रबरी पाय, गळ आणि दोन व तीन मिलिमीटर जाडीचे ईव्हीए फोमचे रंगीत तुकडे येतात. हा फोम बंद छिद्रांचा असल्याने पाणी पीत नाही. पिसांचा किंवा केसांचा कीटक भिजला की वाळवून पुन्हा चरबट लेप द्यावा लागतो. फोमचा कीटक माशाच्या तोंडातून काढला, झटकला आणि पुन्हा फेकला की काम झाले. तालुक्याच्या स्टेशनरी दुकानात शाळेच्या हस्तकलेसाठी मिळणारा फोमही याच जातीचा असतो. तो घेताना एक तुकडा रात्रभर पाण्यात दाबून ठेवावा आणि सकाळी पिळून पाहावा. पाणी निघाले तर तो फोम या कामाचा नाही.

बांधणी अवघड नाही, पण ती घाईने जमत नाही. गळाच्या दांडीवर आधी दोऱ्याचे दाट वेढे देऊन त्यांवर सुपरग्लूचा थेंब सोडावा, नाहीतर फोम दांडीभोवती फिरतो आणि नाकतोडा पोटावर तरंगण्याऐवजी कुशीवर आडवा होतो. फोमची पट्टी साधारण गळाच्या तोंडाइतकी, म्हणजे दांडी आणि अणी यांच्यातल्या अंतराइतकी, रुंद कापावी. पहिले वेढे सैल ठेवून पुढचे हळूहळू आवळावेत. संचातला दोरा येथेच दगा देतो, कारण तो इतका बारीक आहे की आवळताच फोम चिरून आत जातो. शिंप्याकडचा पॉलिएस्टर दोरा त्याहून बरा ठरला. पाठीवर नारिंगी फोमचा ठिपका चिकटवला तर दुपारच्या चकाकीतही कीटक दिसतो. पोटाखाली फोम जास्त राहिला तर गळाचे तोंड भरून जाते आणि मासा तोंडात घेऊनही अडकत नाही, हे इथे खास सांगायला हवे, कारण संचासोबतच्या चित्रांत नेमका असाच फुगीर कीटक दाखवला आहे.

गळांबाबतची तक्रार अधिक गंभीर आहे. ते बारीक तारेचे आहेत. चिलापीला पुरतात, पण जबड्याची घट्ट मरळ त्यांना सरळ करून निघून जाते. जाड गळ वेगळे घ्यावेत, तर व्हाइसचा जबडा ते नीट धरत नाही आणि ऐन वेढ्यात गळ घसरतो. विक्रेत्याला कळवल्यावर त्याने बदली म्हणून तसलेच गळ पाठवले, यावर अधिक काय लिहावे!

पाण्यावर मात्र या कीटकाची मजा आहे. मरळ हवेतून श्वास घेण्यासाठी वर येते, म्हणून तिचा बुडबुडा उठला की त्याच्या जवळपास कीटक टाकावा, तरंग विरेपर्यंत हलवू नये आणि मग फक्त पाय थरथरतील इतकाच ओढावा. शिंगाड्याच्या आणि कमळाच्या पानांत गळ अडकू नये म्हणून अणीपुढे नायलॉनचा छोटा फास बांधावा लागतो, ज्याची सोय या संचात नाही. फ्लाय रॉड (असे हलके कीटक फेकण्याची लवचिक काठी) नसेल तर साध्या रीळाच्या काठीवर अर्धवट पाणी भरलेला पारदर्शक गोळा लावूनही हा हलका कीटक दूर जातो. रोहू आणि मृगळ यांच्यासाठी मात्र ही खटपट करू नये, कारण मृगळ तळाशी चरते आणि रोहूही सहसा पृष्ठभागावरच्या कीटकांमागे लागत नाही. बरेच तलाव मच्छीमार संस्थांना ठेक्याने दिलेले असतात, तेव्हा आधी परवानगी घ्यावी. आणि पावसाळ्यात पिलांचा लालसर घोळका राखत फिरणाऱ्या मरळीसमोर कीटक टाकू नये.

पुन्हा खरेदी करायची झाल्यास मी फोम स्टेशनरी दुकानातून, दोरा शिंप्याकडून आणि गळ मासेमारीच्या सामानाच्या दुकानातून घेईन. रबरी पायांना मात्र गावात पर्याय सापडलेला नाही. तेवढे ऑनलाइनच मागवावे लागतील.