घरगुती बाथ सोक घ्यावा का? शिरोड्याकडच्या बचत गटाची तीन पाकिटं वापरून झाली, त्यावर सविस्तर

बाथ सोक म्हणजे आंघोळीच्या किंवा पाय भिजवायच्या पाण्यात टाकायचं मिश्रण. आधी निकाल सांगून टाकते, कारण बऱ्याच जणी मेसेज करून तेवढंच विचारतायत. पायांसाठीचं मीठ-वाळ्याचं पाकीट डोळे मिटून घ्या, ओट्सची पुरचुंडी घ्या पण ती वापरायची पद्धत नीट समजून घ्या, आणि फसफसणारे गोळे घेऊ नका, निदान आपल्या कोकणात तरी नको. आता का ते सांगते.

वेंगुर्ले तालुक्यात शिरोड्याच्या बाजूला एका वाडीत बायकांचा बचत गट आहे. त्यांचं मूळ काम आगळ, कुळथाचं पीठ, फणसाची साटं, सांडगी मिरची हेच. पण आजूबाजूला होमस्टे वाढले तशा पुण्या-मुंबईच्या पाहुण्या उटण्याबद्दल, आंघोळीच्या मिठाबद्दल विचारायला लागल्या आणि यांनी हेही सुरू केलं. मी नेहमी आगळ न्यायला जाते तेव्हा तिथल्या काकींनी ही पाकिटं हातात ठेवली. फुकट नाही हं, पैसे देऊन घेतलीत, त्यामुळे जे लिहितेय ते मोकळेपणाने लिहितेय.

पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच, आमच्याकडे टब कुठाय? तर टब नसला तरी काही अडत नाही. आपल्याकडे न्हाणीत बसून बादलीतनं तांब्याने अंगावर पाणी घ्यायची पद्धत, आणि खरं सांगायचं तर गरम पाण्यात अंग शेकवणं कोकणाला कुणी बाहेरून येऊन शिकवलेलं नाही. उन्हवरे, तुरळ, आरवली, राजापूरचं उन्हाळे, एवढे गरम पाण्याचे झरे आपल्याकडे आहेत, गुडघे धरले की म्हातारी माणसं तिकडे जाऊन पाण्यात पाय सोडून बसतात. जमिनीतून येणाऱ्या त्या पाण्याला गंधकाचा वास असतो आणि ते घरी आणता येत नाही, पण कोमट पाण्यात शांत बसल्यावर आखडलेलं अंग जे सैल होतं ना, ते घरच्या घमेल्यातही होतं. बाथ सोकचं निम्मं काम ते कोमट पाणीच करतं असं माझं स्पष्ट मत आहे, उरलेलं निम्मं त्यात काय टाकता आणि नंतर अंगाला काय लावता यावर.

आता पायांचं पाकीट. कागदी पिशवीत जाडं मीठ, मलमलच्या छोट्या पुरचुंडीत वाळा, नागरमोथा आणि सावलीत सुकवलेला कडुनिंबाचा पाला, आणि वेगळ्या केळीच्या सुक्या पानात गुंडाळलेला मुठेलाचा, म्हणजे कोकमाच्या बियांच्या घट्ट तेलाचा, तुकडा. मीठ पांढरंशुभ्र नाही, किंचित राखाडी, खडे लहानमोठे आणि हाताला ओलसर लागतात. शिरोड्याच्या मिठागरांचं आहे. तीच मिठागरं जिथे १९३० च्या मे महिन्यात मिठाचा सत्याग्रह झाला होता. भरतीचं पाणी आत घेऊन उन्हात आटवलेलं मीठ, त्यामुळे थोडी माती येणारच, घमेल्याच्या तळाला गाळ बसतो, त्याने घाबरू नका, वरचं पाणी स्वच्छ असतं.

वापरायची पद्धत अशी की अर्धं घमेलं म्हणजे साधारण चार लिटर कोमट पाणी, त्यात दोन मोठे चमचे मीठ. पुरचुंडी मात्र आधी एका पातेलीत उकळत्या पाण्यात दहा मिनिटं झाकून ठेवायची आणि मग ते पाणी पुरचुंडीसकट घमेल्यात ओतायचं. ही पायरी गाळू नका. नुसती कोमट पाण्यात टाकली तर वाळ्याचा वास उतरतच नाही. नीट उतरला की पाण्याला फिक्या चहाचा रंग येतो आणि उन्हाळ्यात माठात वाळ्याची जुडी टाकल्यावर पाण्याला जो वास लागतो तोच घरभर पसरतो. मला झोपायच्या आधी हे करायला फार आवडतं, दिवसभर वर्गात उभं राहून पोटऱ्या भरून आलेल्या असतात त्या उतरतात आणि डोकंही शांत होतं, फोन मात्र लांब ठेवायचा.

पाणी किती गरम, यावर काकींचं म्हणणं ऐकण्यासारखं आहे. "गो बाये, पाणी कढत नको, हाताक सोसात तितक्याच घे. आणि बोटांच्या मदली जागा पयली कोरडी कर." हे दुसरं वाक्य सोन्यासारखं आहे. आपल्याकडे लावणीच्या दिवसांत चिखलात उभं राहून बायकांच्या बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात, कातडी पांढरी पडून सोलते, आग होते. त्याचं कारणच मुळी पाय सतत ओले राहणं, मग त्यावर बुरशी वाढते. अशा वेळी पंधरा मिनिटांच्या वर पाय भिजत ठेवू नयेत आणि कातडी फाटलेली असेल तर मिठाच्या पाण्यात घालूच नयेत, नुसती झणझण होते आणि उपयोग काही नाही. आमच्याकडे सासूबाई चिखल्यांना मेंदीचा पाला वाटून लावतात, त्या दिवसांत तेच करा आणि खूपच वाढलं तर सरळ डॉक्टरांकडे जा.

या पाकिटातली सगळ्यात मोलाची गोष्ट मात्र मीठ नव्हे, मुठेल आहे. कोकमाच्या बिया सुकवून, कुटून, पाण्यात उकळून वर येणारं जे घट्ट तेल ते. साध्या हवेत मेणासारखं घट्ट राहतं, अंगाच्या उष्णतेपेक्षा थोडं जास्त तापमान मिळालं की वितळतं. सासूबाई ते चमच्यात घेऊन दिव्यावर धरतात, कडेने पातळ व्हायला लागलं की बोटाने भेगेत भरतात. आधी कधी भेगांना लावायचं झालं तर त्या कोरड्या पायांवरच लावायच्या, आता पाय भिजवून, पुसून, कातडी मऊ असतानाच लावतात आणि वरून जुने सुती मोजे. त्यांच्या टाचांच्या भेगा मे महिन्यात इतक्या खोल असतात की चादरीचे धागे अडकतात, त्या बुजल्या. मी स्वतः बघितलंय. मिठाने मऊ केलं असेल, पण बुजवलं ते मुठेलाने, म्हणून गटाला माझी विनंती आहे की तुकडा मोठा द्या, लागले तर वीस रुपये जास्त घ्या. मीठ संपायच्या कितीतरी आधी मुठेल संपतं.

दुसरं पाकीट ओट्सचं. मला आधी वाटलं कोकणात ओट्स कशाला, पण कारण बरोबर आहे. खूप बारीक दळलेल्या ओट्सला कोलॉइडल ओटमील म्हणतात आणि खाजऱ्या, कोरड्या कातडीसाठी ते खरंच उपयोगी असतं, अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषधांवर नजर ठेवणारी सरकारी संस्था) २००३ साली त्याला त्वचेचं रक्षण करणारा घटक म्हणून मान्यता दिलीय. दळण बारीक आहे का हे घरीच तपासता येतं, ग्लासभर पाण्यात चमचाभर पूड टाकून ढवळा, पाणी दुधासारखं झालं आणि पूड लगेच तळाला बसली नाही तर चांगलं. या गटाचं दळण या परीक्षेत पास झालं. ओट्सबरोबर थोड्या गुलाबाच्या पाकळ्या आहेत, त्या दिसायला छान, बाकी विशेष काही नाही.

यात नारळाचं दूध तुम्ही स्वतः काढून घालायचं असं चिठ्ठीवर लिहिलंय आणि मला हे फार पटलं. ताजं नारळाचं दूध पाकिटात घालून विकायचं म्हणजे प्रिझर्व्हेटिव्ह आले किंवा दोन दिवसांत आंबट वास. अर्ध्या नारळाचं जाड दूध काढा, गाळून घ्या, नाहीतर चोथा केसांत अडकतो. बादलीत पुरचुंडी पाच-सात मिनिटं दाबून दाबून पिळायची, पाणी बुळबुळीत दुधाळ होतं, मग दूध घालायचं आणि हे पाणी सगळ्यात शेवटी अंगावर घ्यायचं, साबणाच्या आधी नाही. साबण नंतर लावला तर सगळी मेहनत मोरीत गेली. पुरचुंडी मानेवर, पाठीवर, कोपराच्या वळीत हलक्या हाताने फिरवायची. माझ्या मुलीला मे महिन्यात पाठीवर घामोळ्या येतात, रात्री खाजवून खाजवून रडते, तिला याने त्याच संध्याकाळी बरं वाटलं, फक्त तिच्यासाठी दूध घातलं नव्हतं, नुसते ओट्स आणि पाणीही गारच. घामोळ्यांवर तेलकट काही नको, घामाची छिद्रं आणखी बुजतात. ज्यांच्या पाठीवर, चेहऱ्यावर पुरळ उठतं त्यांनीही नारळाच्या दुधाच्या वाटेला जाऊ नये.

एक धोका मोठ्या अक्षरात लिहायला हवा होता आणि चिठ्ठीवर तो नाहीच. या पाण्याने लादी प्रचंड घसरते. आंघोळ झाली की न्हाणीत गरम पाणी ओतून खराट्याने घासून काढा, घरात म्हातारं माणूस असेल तर तुमच्यानंतर लगेच त्यांना जाऊ देऊ नका. नणंदेकडे ठाण्याला टब आहे, तिनेही वापरलं, तिला खूप आवडलं, वीस मिनिटं बाहेरच आली नाही, पण ओट्स पुरचुंडीतच ठेवायचे, सुटे टाकले तर टबचा पाइप तुंबणार.

फसफसणाऱ्या गोळ्यांबद्दल थोडक्यात. खायचा सोडा, सायट्रिक ॲसिड, लिंबाच्या सालीची पूड आणि कसलंतरी सुगंधी तेल. पाण्यात पडलं की सोडा आणि ॲसिड मिळून कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे येतात, मुलांना मजा वाटते. पण ही रिॲक्शन सुरू व्हायला ओल लागते आणि ओल तर आपल्या हवेतच आहे! मृगाचा पाऊस लागला आणि आमच्याकडचे गोळे डब्यातल्या डब्यात फुगून, भेगाळून बसले, पाण्यात टाकल्यावर चार बुडबुडे आले आणि खेळ संपला. शिवाय आपली कातडी किंचित आम्लधर्मी असते, पीएच पाचच्या आसपास, आणि सोडा पडतो आठच्या वर, त्यामुळे कोरड्या कातडीला तो रोज चालणारा नाही. सुगंधी तेलही पाण्यात विरघळत नाही, वर तरंगतं आणि जिथे चिकटेल तिथे चुरचुरतं. तेल कुठलं ते लेबलवर लिहिलेलं नाही, हे मला अजिबात आवडलं नाही.

लेबलवरून आठवलं. मराठीत, मोठ्या अक्षरात, सगळ्या घटकांची नावं दिलीत (त्या तेलाचं सोडून), हे कौतुकास्पद आहे. पण बनवल्याची तारीख नाही आणि "शरीरातील विषारी द्रव्ये बाहेर काढते" असं छापलंय ते काढून टाकावं. ते काम लिव्हर आणि किडनी करतात, घमेल्यातलं मीठ नाही. मी काकींना हे सांगितलं, त्या म्हणाल्या की प्रिंटिंगवाल्याने दुसऱ्या कुठल्यातरी पाकिटावरून घेतलं. इतकी चांगली वस्तू आहे, तिला खोट्या दाव्याची गरजच नाही. दोघी-तिघींनी विचारलं की यात एप्सम सॉल्ट आहे का, तर नाही. ते मॅग्नेशियम सल्फेट असतं, हे आपलं समुद्राचं मीठ म्हणजे मुख्यतः सोडियम क्लोराइड. एप्सममधलं मॅग्नेशियम कातडीतून अंगात जातं असं सांगून ते महाग विकतात, पण त्याला पक्का पुरावा नाही, त्यामुळे आपल्या मिठावर समाधानी राहायला हरकत नाही.

कुणी वापरू नये तेही लिहिते. ज्यांना डायबेटीस आहे आणि पायाला मुंग्या किंवा बधिरपणा आहे त्यांनी पाय भिजवायच्या भानगडीत पडू नये, पाणी किती गरम आहे ते त्यांना कळत नाही आणि भाजलेलं कळेपर्यंत फोड येतो. आमच्या सासऱ्यांना म्हणूनच देत नाही, त्यांचे पाय नुसते पुसून मुठेल लावते, तेही बोटांच्या बेचक्या सोडून. बीपीच्या गोळ्या चालू असतील तर गरम पाण्यातून झटकन उठू नका, चक्कर येते. गरोदर बायकांनी कढत पाण्यात बसू नये.

पैशाचं म्हणाल तर पायांचं पाकीट १५० रुपये, ओट्सचं १२०, गोळे चारचा बॉक्स १८०. पायांच्या पाकिटातली पुरचुंडी उन्हात खडखडीत वाळवली तर पुन्हा एकदा वापरता येते, नंतर वास राहत नाही. ओट्सची मात्र एकदाच, ओली ठेवली की दुसऱ्या दिवशी आंबते. पावसाळ्यात दोन्ही पाकिटं घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा, कागदी पिशवीत मीठ सुटतं आणि खालची फळी ओली होते.

ज्यांना इथवर येता येत नाही त्यांनी घरी केलं तरी चालेल, काकी कृती कुणापासून लपवत नाहीत. जाडं मीठ, वाण्याकडचा वाळा आणि नागरमोथा, अंगणातला कडुनिंब, झालं. मुठेल मात्र गावचंच घ्या. कोकमं एप्रिल-मेमध्ये उतरतात, बिया वाळून कुटायला वेळ लागतो, त्यामुळे ताजं मुठेल हवं असेल तर त्यानंतरच मिळतं आणि गटाकडे ते फार नसतं. पोस्टाने पाठवत नाहीत, वाटेत वितळतं, म्हणून चाकरमान्यांनी गणपतीला याल तेव्हा आधी निरोप ठेवून तुकडे बाजूला काढायला सांगा.