बेती फेरी: मांडवी फुकटात, डीजे पैसे देऊन

मांडवीच्या मुखाशी असलेली गावं बघायची असतील तर पणजी-बेती फेरीबोटीसारखी दुसरी सोय नाही, हे आधीच लिहून टाकते. पाहुण्यांना मात्र हे पटत नाही. पुण्याहून मावशी आणि तिची सून आल्या तेव्हा सुनेनं फोनवरून आधीच क्रूझ ठरवून ठेवली होती.

त्या क्रूझचं नाव लिहीत नाही. तासभर डेकवर प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि माइकवर ओरडणारा मुलगा, "पुणेवाले कौन कौन है?" मग आधी लहान मुलांनी नाचायचं, नंतर फक्त जोडप्यांनी, नंतर फक्त बायकांनी. मावशीला "आंटीजी" म्हणत स्टेजवर बोलावलं, ती जागची हलली नाही. बाहेर आग्वाद किल्ल्याच्या बाजूला सूर्य बुडत होता आणि सगळ्यांची पाठ तिकडे होती. नदी बघायला आलेल्या माणसाला हे कशाला, ते मला आजवर कळलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहानंतर, म्हणजे ऑफिसची गर्दी ओसरल्यावर, मावशीला स्कूटरवर मागे बसवून धक्क्यावर गेले. सून झोपली होती. मावशी तिकिटाची खिडकी शोधत राहिली; पायी जाणाऱ्याला पैसे पडत नाहीत यावर तिचा विश्वासच बसेना. "बाये, स्कूटर मातशी फुडें काड" (बाई, स्कूटर जरा पुढे घे), एवढंच खलाशी म्हणाला आणि फेरी सुटली. बसायची फारशी सोय नाही, कठड्याला टेकून उभं राहायचं. पायाखालचा पत्रा इंजिनाबरोबर थरथरतो, डिझेलचा वास नाकात जातो. पाच-सात मिनिटांचा प्रवास. पण पणजी शहर म्हणून दिसते ती याच पाच मिनिटांत. आदिलशहाचा राजवाडा, हॉटेल मांडवीची इमारत, वर आल्तिनोची टेकडी, आणि मध्ये नदी अडवून बसलेल्या कॅसिनोच्या बोटी. राजवाड्यासमोरच्या रस्त्यावर उभं राहून यातलं निम्मंही नजरेत येत नाही.

आमच्या घरात या फेरीला वेगळाच मान आहे. वडील म्हापशाहून पणजीला नोकरीला यायचे. 5 जुलै 1986 ला मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला आणि उत्तर गोव्यातल्या माणसांची सगळी भिस्त पुन्हा फेरीवर आली. ऐन पावसाळा, छत्री उलटी होतेय, आणि धक्क्यावर ही रांग! नवा पूल 1992 मध्ये झाला. 2019 पासून अटल सेतूही आहे, तरी वडील अजून पूल म्हटलं की आधी फेरीचीच गोष्ट सांगतात.

बेतीला उतरल्यावर डावीकडे नदीच्या काठानं वेरेमार्गे रेईश मागूश गावी जायचं, तीनेक किलोमीटर. रस्ता अरुंद आहे आणि वळणावर समोरून बस आली की स्कूटर भिंतीला चिकटवावी लागते. पण माडांमधून नदी सतत सोबत असते. आधी चर्च लागतं. बार्देस तालुक्यातलं हे पहिलं चर्च, 1555 चं. 6 जानेवारीच्या फेस्ताला, म्हणजे चर्चच्या उत्सवाला, इथे तीन मुलं राजांचा वेष करून घोड्यावरून येतात.

चर्चच्या डोक्यावर किल्ला. 1551 मध्ये पोर्तुगीजांनी बांधला, 1707 मध्ये पुन्हा उभारला. सावंतवाडीकर भोसल्यांनी 1739 च्या सुमारास बार्देस घेतलं तेव्हाही हा आणि आग्वाद पोर्तुगीजांच्याच हातात राहिले. नंतर बरीच वर्षं इथे तुरुंग होता, 1993 पर्यंत. पुढे दुरुस्ती होऊन 2012 मध्ये लोकांसाठी उघडला, आणि दुरुस्ती नीट केलेली आहे: चिरा चिऱ्यासारखाच ठेवलाय, रंगरंगोटी करून लग्नाचा हॉल केलेला नाही. आत व्यंगचित्रकार मारियो मिरांडांची चित्रं आहेत, एका भागात गोव्याच्या मुक्तिलढ्यातल्या लोकांची माहिती आहे. मावशी अडकली ती मात्र आत येण्याच्या वाटेवर, माथ्यावरच्या भोकाखाली. शत्रू आत घुसला की त्यातून उकळतं तेल ओतायची सोय! तिथेच थांबून मान वर करून म्हणाली, "पाहुण्यांचं स्वागत म्हणजे असं."

तटावर गेलं की किल्ला इथेच का, ते सांगावं लागत नाही. समोर मिरामार, पलीकडे काबोचं टोक, उजवीकडे आग्वाद. समुद्रातून आत येणाऱ्या प्रत्येक गलबताला या अरुंद मुखातून, तोफांच्या तोंडाखालून जावं लागत असे. पलीकडच्या काठावर गास्पार दियशचा कोट होता, त्याचा आता मागमूस नाही, तिथे लोक भेळ खातात. आग्वादला आम्ही पुढे गेलोच नाही. 1612 चा किल्ला आणि 1864 चं दीपगृह दोन्ही चांगली, पण तिथे आधी पार्किंग शोधा, मग सेल्फीवाल्यांमधून वाट काढा.

जेवण परतीच्या वाटेवर एका घरगुती खाणावळीत. उकड्या तांदळाचा भात, हुमण (माशाची आमटी), तिसऱ्यांचं सुकं, किसमूर (सुक्या मासळीची कोशिंबीर), सोलकढी. हुमण झकास, कोकमाचा आंबटपणा बेताचा. तळलेल्या बांगड्यावर मात्र रव्याचं एवढं जाड कवच की मासा शोधावा लागला. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, त्या दिवसांत थाळीतला मासा ताजा असेल या भरवशावर इकडे येऊ नका, हिरवळीसाठी या.

माझे तारे: फेरीला साडेचार (अर्धा कापला तो सावलीसाठी, दुपारच्या उन्हात डोकं तापतं), किल्ल्याला पाच, खाणावळीला साडेतीन, क्रूझला एक, तोही बोट वेळेवर सुटली म्हणून. गाडी घेऊन आलात तर ती पणजीतच ठेवा आणि पायीच फेरीत चढा, बेतीहून कांदोळीच्या बाजूला जाणाऱ्या बसगाड्या मिळतात. संध्याकाळी कामावरून घरी परतणाऱ्यांची झुंबड असते, त्या वेळी फोटोसाठी रॅम्पच्या तोंडाशी उभं राहू नका. फळी टेकायच्या आधीच स्कूटरी सुरू झालेल्या असतात.